नवा फुटबॉल-शिक्षक आणि त्याचे परीक्षक

फुटबॉलच्या मैदानावर एका बाजूस अकरा गडी असतात, हे लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्याविषयी सर्वांहून अधिक बोलले जाते असा एक बारावा मनुष्यही प्रत्येक संघास असतो. तो धावत नाही, चेंडूला पाय लावीत नाही, चुन्याच्या रेषेबाहेर उभा राहून हातवारे तेवढे करितो. आणि तरीही संघ हरला म्हणजे पहिला दोष त्याच्याच माथी येतो. ह्या मनुष्यास विलायतेत मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे कोच म्हणतात. मोठ्या संघाने नवा कोच नेमिला की त्याने सामान सोडण्याच्या आधीच त्याच्या भवितव्याचा निकाल लोक लावून मोकळे होतात. हे निकाल कशाच्या आधारावर लावावेत आणि कशाच्या लावू नयेत, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

चांदीपच्या आमच्या मुलांस हा विषय दूरचा नाही. विरारला येऊन चर्चगेटची लोकल धरिली की अंधेरी लागते, आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलात २०१६ पासून मुंबई सिटी हा संघ आपले घरचे सामने खेळू लागला. सामना संपवून रात्री परतणाऱ्या मुलांची चर्चा गाडीत बसल्यापासून जी सुरू होते ती दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत पुरते. त्यांतील सर्वांत कडाक्याची चर्चा २०२३ च्या डिसेंबर महिन्यातली. त्या वेळी मुंबई सिटीचे इंग्रज कोच डेस बकिंगहॅम हे हंगामाच्या अर्ध्यावरच आपल्या जन्मगावच्या ऑक्सफर्ड युनायटेड ह्या संघाकडे निघून गेले आणि त्यांच्या जागी पीटर क्रॅट्की हे चेक गृहस्थ आले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न सिटी ह्या संघात ते साहाय्यक होते. इकडे त्यांचे नाव फारसे कोणी ऐकिलेले नव्हते. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "साहाय्यकाला साहाय्यकच राहू द्यावे, एवढा मोठा संघ त्याच्या हाती कशाला?" दुसरा म्हणे, "बकिंगहॅम तरी कोठून आले होते? त्याच मेलबर्नहून, आणि साहाय्यक म्हणूनच!" दोन्ही पक्षांचे बोलणे खरे होते, आणि दोहोंतूनही पुढे काय होणार हे कळत नव्हते.

कोच काय करितो, हे आधी पाहिले पाहिजे. आठवडाभर सराव घेणे, अकरा जणांची निवड करणे, कोणी कोठे उभे राहावे हे ठरविणे, सामन्यात पाच राखीव गड्यांपर्यंत अदलाबदल करण्याची जी मुभा आहे ती केव्हा वापरावी हे पाहणे, आणि हरल्यावर पोरांची मने पुन्हा उभी करणे, इतके सर्वत्र त्याच्याकडे असते. जुन्या इंग्लंडात ह्यापलीकडे खेळाडू विकत घेणे व विकणे हाही मॅनेजरचाच अधिकार असे. आता बहुतेक ठिकाणी, आणि आपल्या देशात तर विशेषेकरून, खेळाडू कोणते घ्यावेत, किती पैसा खर्चावा, कोणास सोडावे, ह्यांत मालकाचा व त्याच्या कारभाऱ्यांचा शब्द मोठा असतो. म्हणजे स्वयंपाक ज्याने करावयाचा, बाजार त्याने करावयाचा नाही. भाजी कशी निघाली ह्याचा जाब मात्र स्वयंपाक्यासच विचारतात.

ही गोष्ट मुंबई सिटीच्या इतिहासावरून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कशावरून क्वचितच होईल. इंडियन सुपर लीग ही साखळी स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ह्या संघाचे पहिले कोच पीटर रीड होते. एव्हर्टन संघाकडून इंग्लंडची अजिंक्यपदे मिळविलेला हा खेळाडू. पुढे मँचेस्टर सिटी व संडरलँड अशा संघांचे मॅनेजरपद त्यांनी केलेले. आठ संघांत मुंबईचा क्रमांक सातवा लागला. दुसऱ्या वर्षी निकोला आनेल्का ह्यांस कोच व खेळाडू अशी दोन्ही पदे दिली. आर्सेनल, रेआल माद्रिद, चेल्सी अशा संघांतून खेळलेला हा फ्रेंच आघाडीवीर. त्याच्या नावाने मैदाने भरत. त्या वर्षी क्रमांक सहावा आला, आणि नोव्हेंबरात गोव्याच्या संघाने मुंबईस सात गोलांनी शून्य अशी धूळ चारिली. आपल्या लोकांची नावावरील श्रद्धा अद्भुत आहे. उत्तम गाणारा उत्तम शिकविणारा असेलच असे आपण धरीत नाही. पण उत्तम खेळलेला उत्तम कोच होणारच असे मात्र धरून चालतो. जे ज्याच्या पायांस सहज साधले ते दुसऱ्यास कसे शिकवावे, ह्याचा विचार करण्याची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते.

तिसरे गृहस्थ अलेक्झांद्रे गिमारायश. कोस्टा रिका देशाचा संघ त्यांनी २००२ व २००६ अशा दोन जागतिक स्पर्धांस नेला होता. त्यांच्या हाताखाली २०१६ मध्ये मुंबईने गुणतक्त्यात पहिले स्थान पटकाविले, जरी उपान्त्य सामन्यात कोलकात्याच्या संघापुढे हार खावी लागली. पण पुढल्याच हंगामात हेच गृहस्थ, हीच पद्धती, आणि क्रमांक दहांत सातवा! मग कोच चांगले की वाईट? ज्या मुलाने आम्हांस हा प्रश्न विचारला त्यास आम्ही उलट विचारले की, पहिल्या वर्षीचे खेळाडू दुसऱ्या वर्षी किती उरले होते, हे पाहिलेस काय? त्या मुलाने ते पाहिले नव्हते. बहुतेक प्रेक्षकही पाहत नाहीत.

२०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप ह्या समूहाने मुंबई सिटीचा शेकडा ६५ हिस्सा विकत घेतला. मँचेस्टर सिटी, मेलबर्न सिटी असे अनेक देशांतले संघ ह्याच समूहाचे. त्याच सुमारास गोव्यात एक विलक्षण घटना घडली. एफ. सी. गोवा ह्या संघाचे स्पॅनिश कोच सेर्हिओ लोबेरा ह्यांस २०२० च्या आरंभी, संघ गुणतक्त्याच्या अगदी वरच्या भागात असताना, काढून टाकण्यात आले. उरलेले थोडे सामने गोव्याचेच जुने खेळाडू क्लिफर्ड मिरांडा ह्यांनी सांभाळिले, आणि गुणतक्त्यात पहिला येणाऱ्यास मिळणारी ढाल गोव्याने जिंकिली. वादास ह्याहून सुपीक जमीन कोठली? ढाल कोणाची म्हणावी, ज्याने पेरिले त्याची की ज्याने कापिले त्याची? आम्हांस विचाराल तर ढालीचा मोठा वाटा लोबेरांचा. परंतु घडी न विस्कटता हाती आलेले काम तडीस नेणे हेही सोपे नव्हे, आणि मिरांडा ह्यांस त्याचे श्रेय थोडे कमीच मिळाले.

लोबेरा मुंबईस आले. पण ते एकटे आले नाहीत. मुर्तदा फॉल हा बचावाचा खांब, अहमद जाहू हा मधल्या फळीचा सूत्रधार, ह्युगो बूमू हा आघाडीमागचा कल्पक गडी आणि गोव्याचा मंदार राव देसाई, असे चौघे गोव्याकडून मुंबईकडे आले. कोचच्या डोक्यात जी पद्धती होती ती ह्या चौघांच्या पायांत आधीच मुरलेली होती. इतर संघ ज्या गोष्टी शिकण्यात अर्धा हंगाम घालवितात त्या येथे पहिल्या आठवड्यापासून तयार. पैसा देणारा मालक, ओळखीचे गडी, ठरलेली पद्धती, अशी तिहेरी गाठ पडली आणि २०२०-२१ च्या हंगामात मुंबई सिटीने ढाल व चषक अशी दोन्ही बक्षिसे एकाच वर्षी घेतली. तोवर हे कोणास जमले नव्हते. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंग ह्याने नव्वदाव्या मिनिटास गोल केला आणि मोहन बागान दोनास एक असा हरला. साथीच्या रोगामुळे ते सारे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांत झाले. आपल्या संघाचे पहिले मोठे यश आमच्या मुलांनी पडद्यावरच पाहिले.

लोबेरा त्यानंतर निघून गेले आणि बकिंगहॅम आले. वय अवघे ३६. पहिल्या हंगामात अजिंक्य संघ पाचव्या स्थानी घसरला व उपान्त्य फेरीसही मुकला. अशा वेळी पुष्कळ मालक कोचला निरोपाचा नारळ देतात. येथे तसे झाले नाही. त्या हंगामानंतर लगेच, ११ एप्रिल २०२२ रोजी, रियाध शहरी इराकच्या अल-कुवा अल-जाविया ह्या बलाढ्य संघास त्यांनी दोनास एक असे हरविले. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हिंदी संघाने जिंकिलेला तो पहिला सामना होय. आणि पुढला हंगाम! २० सामन्यांपैकी १४ जिंकिले, ४ बरोबरीत सोडविले, २ हरले. ते दोन्ही पराजय शेवटचे. पहिल्या १८ सामन्यांत हार म्हणून नाही. एकूण ४६ गुण. पाचवा आलेला कोच आणि अठरा सामने अपराजित राहिलेला कोच हा एकच मनुष्य होता. मधल्या काळात त्याची बुद्धी दुप्पट झाली असे कोणी म्हणणार नाही. त्याला वेळ मिळाला, हवे तसे गडी मिळाले, आणि ते गडी एकमेकांस ओळखू लागले.

वेळ ह्या वस्तूची किंमत आपल्या शेजारच्या गोव्यातील एका गृहस्थाइतकी कोणीच दाखवून दिली नसेल. आर्मांडो कुलासो ह्यांनी डेंपो संघाची धुरा दहा वर्षांहून अधिक काळ वाहिली आणि २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत पाच वेळा राष्ट्रीय साखळी जिंकून दिली. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा हे त्यांचे गडी वर्षानुवर्षे एकत्र खेळले. त्यांच्या जोडीस नायजेरियाचा रँटी मार्टिन्स व ब्राझीलचा बेटो. एकमेकांच्या पायांची चाहूल ओळखणारा असा संघ एका हंगामात पैसे टाकून बांधता येत नाही.

ह्या कुलासोंस २०१३ च्या नोव्हेंबरात कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाने बोलाविले. मोठ्या संघात नवा कोच आला म्हणजे काय होते, ह्याचे आपल्या मुलखाला जवळचे उदाहरण हेच. कोलकात्यात फुटबॉल हा खेळ नसून घराण्याचा वारसा आहे. फाळणीच्या आधी व नंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांची मने ईस्ट बंगालशी बांधलेली, पश्चिमेकडल्यांची मोहन बागानशी. १३ जुलै १९९७ रोजी ह्या दोन संघांचा सामना पाहण्यास सॉल्ट लेकच्या मैदानात सुमारे १ लक्ष ३१ हजार माणसे जमली होती. अशा ठिकाणी गोव्याच्या शांत मैदानांतून आलेला मनुष्य टिकेल काय, हा प्रश्न स्वाभाविक होता. त्यात ब्राझीलचे मार्कुस फालोपा हे त्यांच्या आधीचे कोच हंगामाच्या आरंभीच गेलेले. गडी कुलासोंनी निवडलेले नाहीत. आणि २००३-०४ नंतर राष्ट्रीय अजिंक्यपद न मिळाल्यामुळे लोकांची भूक दहा वर्षांची!

काय झाले? त्या हंगामात ईस्ट बंगाल दुसरा आला. पहिला आला बंगळुरूचा तो संघ, जो त्याच वर्षी जन्मला होता. पुढल्या वर्षी कोलकात्याची स्थानिक साखळी कुलासोंनी जिंकिली, परंतु राष्ट्रीय स्पर्धा चालू असतानाच २०१५ च्या फेब्रुवारीत ते पायउतार झाले. सव्वा वर्षात सारे आटोपले. "गोव्यातला वाघ कोलकात्यात मांजर झाला," असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगू की, वाघाला गोव्यात जे जंगल होते ते त्याने स्वतः दहा वर्षे वाढविले होते. दुसऱ्याच्या घेतलेल्या गड्यांनिशी, दुसऱ्याच्या अर्ध्या हंगामात, दुसरा क्रमांक मिळविणे ह्यास अपयश म्हणणे आमच्या तरी जिवावर येते.

शिक्षकाच्या धंद्यातील माणसांस अभिमान वाटावा असे आणखी एक नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्या हाताखालील हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. १९५१ व १९६२ ह्या दोन आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात भारत चौथा आला. १९६२ च्या जकार्ता येथील स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंग ह्याच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले होते. दुसऱ्या कोणी त्यास बाहेर बसविले असते. रहीमांनी त्यास बचावातून उचलून थेट आघाडीवर नेले, आणि त्याने अंतिम सामन्यात गोल केला. दक्षिण कोरिया दोनास एक असा हरला. रहीमांस त्या वेळी कर्करोगाने ग्रासिले होते. पुढल्याच वर्षी, १९६३ च्या जून महिन्यात, ते वारले. असा निर्णय घेण्यास आपले गडी वर्षानुवर्षे पाहिलेले असावे लागतात. आल्या आल्या कोणा नव्या कोचला तो सुचणार नाही, आणि सुचला तरी गडी त्याचे ऐकणार नाहीत.

विलायतेतील दाखले मुलांच्या तोंडी असतातच, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यात करितो. अलेक्स फर्ग्युसन हे मँचेस्टर युनायटेडकडे १९८६ च्या नोव्हेंबरात आले. तीन वर्षे झाली तरी हाती काही लागेना, तेव्हा त्यांनी जावे असा फलक प्रेक्षकांत झळकला. पहिला चषक १९९० मध्ये, साखळीतील पहिले अजिंक्यपद १९९३ मध्ये, आणि निवृत्त होईपर्यंत अशी अजिंक्यपदे तेरा. २०१३ मध्ये त्यांच्या जागी डेव्हिड मॉयेस ह्यांस सहा वर्षांच्या कराराने आणिले. दहा महिन्यांत काढिले. त्याआधी १९७४ मध्ये लीड्स संघाने ब्रायन क्लफ ह्यांस ४४ दिवसांत घालविले होते, आणि त्याच क्लफनी पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्या लहानशा संघास युरोपचा चषक दोन वेळा मिळवून दिला. ह्यावरून "धीर धरा म्हणजे सर्व कोच फर्ग्युसन होतील" असे मात्र कोणी समजू नये. धीर धरूनही बुडालेल्यांची नावे कोणी लक्षात ठेवीत नाही, एवढाच त्यातला फरक.

आता एका फसव्या गोष्टीकडे वळू. नवा कोच आला की संघ पहिल्या काही सामन्यांत सुधारतो, असा सर्वत्र समज आहे, आणि पुष्कळदा तसे दिसतेही. पण कोच बदलतात केव्हा? संघ लागोपाठ हरत असतो तेव्हा. लागोपाठच्या हारींत काही भाग दुर्बलतेचा असतो, काही नशिबाचा: चेंडू खांबाला लागून परत येतो, दोन गडी जायबंदी असतात, पंचाचा एखादा निर्णय उलटा जातो. नशिबाचा भाग फार दिवस एकाच बाजूस राहत नाही. म्हणून काहीही न करिता संघ थोडा सावरतोच. ताप उतरण्याच्या दिवशी जो वैद्य दारी येईल त्याच्या मात्रेला गुण! नेदरलँड्समधील बास टेर वील ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ पर्यंतच्या तेथील सामन्यांचा हिशेब मांडून २०११ मध्ये हेच दाखविले. मधेच कोच बदललेले संघ आणि तशाच घसरणीत कोच न बदललेले संघ ह्यांची त्याने तुलना केली, तेव्हा बदलणाऱ्यांचा विशेष लाभ झालेला आढळला नाही.

पालकांपैकी कित्येकांस येथे ओळखीचे काही दिसेल. वर्गास नवे गणिताचे मास्तर आले आणि पहिल्याच सहामाहीत मुलाचे गुण वाढले किंवा घटले, की त्यावरून मास्तरांची जात ठरविणारे आमच्या परिचयाचे आहेत.

क्रॅट्की ह्यांच्याकडे परत येऊ. त्यांच्या वाट्यास आलेला संघ हरत असलेला नव्हता, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी आली नाही. आशियातील सहाही सामने त्या हंगामात हरले हे खरे, पण घरच्या साखळीत मुंबई सिटी सुस्थितीत होता. अडचणी वेगळ्या होत्या. डिसेंबरातच, मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यात पंचाने एकूण सात तांबडी पत्रे दाखविली, त्यांतील चार मुंबईच्या गड्यांस. सामना मुंबईने दोनास एक जिंकिला खरा, परंतु पुढल्या सामन्यास गडी गोळा करण्याची पंचाईत. त्यातच ग्रेग स्टुअर्ट हा कसलेला स्कॉटिश खेळाडू हंगामाच्या मध्यावर संघ सोडून गेला. तरीही संघ चढतच गेला. १५ एप्रिल २०२४ रोजी सॉल्ट लेकवर साखळीचा शेवटचा सामना, पुन्हा मोहन बागानशीच. मुंबईस नुसती बरोबरी पुरे होती. मुंबई दोनास एक हरली. ४८ गुणांनिशी ढाल बागानकडे गेली, मुंबईचे ४७ राहिले. परतीच्या चर्चेत क्रॅट्की नालायक ठरले.

नऊ दिवसांनी, २४ एप्रिलला, फातोर्ड्यास उपान्त्य फेरीचा पहिला सामना. नव्वद मिनिटे होत आली तरी गोवा दोन, मुंबई शून्य. आमच्यापैकी पुष्कळांनी पडदे बंद केले असतील. पुढल्या सहासात मिनिटांत लालियानझुआला छांगटे ह्याचे दोन व विक्रम प्रताप सिंग ह्याचा एक असे तीन गोल झाले, आणि मुंबई जिंकली. परतीचा सामना अंधेरीत दोन-शून्य. मग ४ मे रोजी तेच सॉल्ट लेक, तोच बागान, पहिला गोलही त्यांचाच. पण उत्तरार्धात होर्खे पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटी, मागाहून उतरविलेला याकुब व्होइटुश, असे तीन गोल मुंबईचे. चषक मुंबईस. एकोणीस दिवसांपूर्वीचा नालायक आता थोर ठरला. एप्रिलच्या सामन्यात मुंबईचा एखादा चेंडू आणखी जाळ्यात गेला असता तर तो तेव्हाच थोर ठरला असता. ज्या खेळात अख्ख्या सामन्यास दोन-तीनच गोल होतात तेथे एका गोलावर मनुष्याची किंमत ठरविणे म्हणजे एका ओंजळीवरून आडाचे पाणी मोजणे होय.

आणि पुढल्या वर्षीचे ऐका. त्या उन्हाळ्यात पेरेरा दियाझ, मधल्या फळीतील अल्बेर्तो नोगेरा आणि कप्तान राहुल भेके हे तिघे बंगळुरूकडे गेले. अपुइया हा मिझोरमचा तरुण, ज्याच्याभोवती सारा खेळ फिरे, तो मोहन बागानकडे. म्हणजे पाठीचा कणाच गेला. कोच तेच, सराव तोच. २०२४-२५ च्या साखळीत मुंबई सहावी आली, आणि २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीच्या सामन्यात पाच-शून्य अशी हरली. हरविणारा संघ बंगळुरूचा! त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनेही आपला हिस्सा सोडून मुंबईतून काढता पाय घेतला. कोचला येथून मेलबर्नपर्यंत जोडणारा जो धागा होता तो असा तुटला, आणि "मेलबर्नहून आले म्हणजे चांगलेच असणार" हा २०२३ च्या चर्चेतला मुद्दाही त्याबरोबर निकामी झाला.

मग नव्या कोचविषयी काहीच बोलू नये काय? बोलावे; पाहून बोलावे. अंधेरीस जाणाऱ्या आमच्या मुलांस आम्ही सांगत असतो की, नवा कोच आला म्हणजे पहिल्या चार-पाच सामन्यांत गोलांचा फलक थोडा विसरा. गोलरक्षकाच्या हाती चेंडू आला की तो लांब भिरकावितो, की जवळच्या गड्यास देतो, हे पाहा. प्रत्येक सामन्यात तेच घडू लागले तर समजा की सरावात काही तरी शिकविले जात आहे. चेंडू गमावल्यानंतरच्या पाच-सहा क्षणांत आपले गडी काय करितात ते पाहा: सारे एकदम मागे पळतात, सारे एकदम चेंडूवर तुटून पडतात, की चौघे इकडे आणि चौघे तिकडे? पहिली दोन्ही चालतील, तिसरे चालणार नाही. तेच अकरा जण पुन्हा पुन्हा उतरतात की दर आठवड्यास नवी नावे? राखीव गडी केव्हा उठवितो, हरत असताना साठाव्या मिनिटास की पंच्याऐंशीव्या? आणि उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत नवा कोच आल्याची बातमी मोठ्या अक्षरांत छापून येईल तेव्हा त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत कोण कोण संघ सोडून गेला, ती ओळ आधी वाचा.